विणीआधीचं पाणी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात उत्तर अलाबामात गरवायला जाणारी दोन माणसं पेट्रोलपंपावर भेटली, तर खुशालीच्या आधी ती पाण्याचं तापमान विचारतात. हवेचं नाही. हवा या दिवसांत लहरी असते. पहाटे गाडीच्या काचेवर दव गोठलेलं असतं आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. पाणी मात्र सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, आणि मासा पाण्याचं ऐकतो. दहा अंश सेल्सिअसच्या खाली बास हा इथला मासा खोल पाण्यात जवळजवळ स्वस्थ पडून असतो. अकरा-बाराला तो हलू लागतो. सोळा ते अठराच्या दरम्यान नर उथळ पाण्यात येऊन शेपटीने तळ साफ करतो, तिथे एक खळगा करतो आणि मादी त्यात अंडी सोडते. दहा आणि सोळा या दोन आकड्यांमध्ये जे काही आठवडे सापडतात, त्यांत मादीच्या पोटात गाबोळी भरत आलेली असते, तिला खायला हवं असतं, आणि ती खोलातून काठाकडे टप्प्याटप्प्याने निघालेली असते. वर्षातली सर्वांत वजनदार मासळी गळाला लागते ती याच आठवड्यांत. स्पर्धाही म्हणूनच याच आठवड्यांत भरतात.

मी हंट्सव्हिलला राहते. रॉकेटचं गाव म्हणून त्याची ओळख आहे. नासाचं मार्शल केंद्र इथे आहे आणि त्याच्या आजूबाजूच्या कंपन्यांत आमच्यासारखी काही मराठी घरं पोटापाण्याला लागलेली आहेत. तासाभराच्या अंतरावर गंटर्सव्हिलचा जलाशय आहे. एका सहकाऱ्याने पहिल्यांदा तिथे नेलं, कयाकमध्ये बसवलं, आणि मग मी स्वतःची कयाक घेतली. हा लेख त्या पाण्याबद्दल आहे, आणि तिथे वसंताच्या सुरुवातीला होणाऱ्या एका स्पर्धेबद्दल. ही स्पर्धा आमच्या भागातला एक छोटा क्लब भरवतो. साठ-सत्तर कयाक, माफक प्रवेश फी, बक्षिसांची रक्कम त्या फीमधूनच.

जलाशय टेनेसी नदीवर आहे. १९३३ साली रूझवेल्ट यांच्या सरकारने टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन केली: पूर आवरायचे, नदी जहाजांना चालती करायची, वीज करायची. तिच्या धर्तीवर आपल्याकडे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. गंटर्सव्हिलचं धरण १९३५ ते १९३९ या काळात बांधलं गेलं आणि नदी सव्वाशे किलोमीटरभर फुगली. सुमारे ६९ हजार एकर पाणी. त्याखाली मक्याची आणि कापसाची शेतं गेली, रस्ते गेले, वस्त्या गेल्या. या काठावरून १८३८ साली चेरोकी लोकांची एक तुकडी सक्तीने पश्चिमेला हाकलली गेली होती. शंभर वर्षांनी त्यांच्या जागी आलेल्यांचीही घरं पाण्याखाली गेली. मुळशीचा सत्याग्रह, कोयनेचं पुनर्वसन हे शब्द ऐकत वाढलेल्या माणसाला अशा पाण्यावर होडी घालताना खाली काय आहे याचा विचार टाळता येत नाही. होडीवरच्या सोनार यंत्राच्या पडद्यावर जुन्या रस्त्याचा भराव अजून सरळ रेषेत दिसतो. मासे त्याच्या कडेला उभे असतात.

गंटर्सव्हिलची खासियत म्हणजे इथली पातळी वर्षभरात जेमतेम दोन फूट खालीवर होते. आपल्या धरणांचे काठ मे महिन्यात मैलभर उघडे पडलेले असतात. इथे तसं होत नाही. पाणी स्थिर, तळ उथळ, त्यामुळे पाणवनस्पती माजली. आधी मिलफॉइल आणि १९८०च्या दशकात हायड्रिला. बंगल्याचा धक्का वापरणाऱ्यांना ती नकोशी आहे, गरवणाऱ्यांना जीव की प्राण. मार्चमध्ये ती गेल्या साली वाढून वठलेली असते, तळाशी वीतभर खुंट उरलेले असतात. पण त्या खुंटांतच झिंग्यासारखे दिसणारे क्रॉफिश दडून राहतात, आणि शॅड नावाची लहान रुपेरी मासळी त्यांच्यावरून फिरते. पाणी फार गार झालं की शॅड मरगळते, कुशीवर होते, मरते. बासला कमी कष्टात पोट भरायला मिळतं ते तिथे.

लार्जमाउथ बास हा अलाबामाचा गोड्या पाण्यातला राज्यमासा आहे. हिरवट पाठ, कडेने काळसर पट्टा, आणि डोळ्याच्या मागेपर्यंत उघडणारा जबडा. मूळचा उत्तर अमेरिकेचा. माणसाने त्याला जगभर नेलं. सर्वांत मोठ्या बासचा विक्रम १९३२ सालचा, जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी यांचा, २२ पौंड ४ औंस. त्याची बरोबरी २००९ साली झाली ती अमेरिकेत नाही, जपानच्या बिवा सरोवरात, मानाबू कुरिता यांच्या गळाला. बिवामध्ये हा मासा परका आहे, तिथल्या मूळ माशांचा काळ आहे, आणि तिथे धरलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. आमच्या स्पर्धेत सोडला नाही तर बाद. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण मासा सोडणं ही सरसकट पुण्याची गोष्ट नाही. तो कुठल्या पाण्याचा आहे त्यावर ते ठरतं.

बासच्या स्पर्धांना आजचं रूप दिलं रे स्कॉट नावाच्या अलाबामाच्या विमा एजंटाने. १९६७ साली त्यांनी आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली, पुढे बी.ए.एस.एस. ही संघटना काढली. १९७२ साली धरलेले मासे जिवंत सोडण्याची मोहीमही त्यांनीच सुरू केली. त्याआधी स्पर्धेतले मासे मरत. पण मोटारबोटीच्या स्पर्धेत मासा वजनकाट्यापर्यंत न्यावा लागतो. तो बोटीतल्या पाण्याच्या टाकीत दिवसभर राहतो, ताशी शंभर किलोमीटरच्या धावेत हिंदकळतो, पिशवीतून मंचावर जातो, प्रेक्षकांसमोर उचलला जातो आणि मग धक्क्याजवळच सोडला जातो. जिथे धरला तिथून तो कित्येक किलोमीटर लांब असतो. सगळे मासे परत जात नाहीत. बरेच त्या धक्क्याच्या आसपासच घुटमळत राहतात.

कयाकमध्ये तशी टाकी बसवायला जागा नाही. या अडचणीतून एक निराळी रीत निघाली. मासा तोलायचा नाही, मोजायचा. फूटपट्टी कोरलेली एक पन्हळ असते, एका टोकाला उभी भिंत. माशाचं तोंड मिटून भिंतीला टेकवायचं, शेपूट पट्टीवर, स्पर्धेच्या दिवशी मिळालेला सांकेतिक क्रमांक चित्रात दिसेल असा ठेवायचा, आणि फोटो. लांबी पाव इंचापर्यंत धरतात. पाच सर्वांत लांब माशांची बेरीज हा तुमचा आकडा. सहावा मोठा लागला तर सर्वांत लहान आपोआप गळतो. फोटो मोबाइलवरून परीक्षकांकडे जातो, आणि मासा त्याच्याच खाडीत, त्याच्याच गवतात, मिनिटा-दीड मिनिटात परत. स्मार्टफोन नसता तर हा खेळ एवढा पसरला नसता. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो इतका वाढला की २०२० साली खुद्द बी.ए.एस.एस.ने कयाकची वेगळी मालिका सुरू केली.

नियम वाचायला सोपे आहेत. पाळताना मात्र एक ओली, निसटती, अडीच किलोची मासळी मांडीवर घेऊन, तीनेक फूट रुंदीच्या डोलत्या होडीत, गारठलेल्या बोटांनी ते सगळं करावं लागतं. तोंड उघडं राहिलं तर इंच कापला जातो. हात मापावर आला तर फोटो बाद. आणि फोटोआधी मासा उसळून पाण्यात गेला तर तो मासा तुम्ही धरलाच नाही. आमच्या स्पर्धेत माझ्यापासून हाकेच्या अंतरावर एक नर्स होती, रात्रपाळी करून थेट आलेली. तिच्या पन्हळीवरून एक लांबलचक मादी उसळली आणि गेली. मी पाहिली ती, बावीस इंचांहून कमी नसावी. तिने पन्हळ पुसली, दोर तपासला आणि पुन्हा गळ टाकला. माझी साक्ष तिच्या काही कामाची नव्हती आणि तिने ती मागितलीही नाही.

या खेळातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. खाडीत तुम्ही एकटे असता. पंच नाही, प्रेक्षक नाहीत. फोटोवर लबाडी करायचे मार्ग निघालेत आणि ते पकडायच्या रीतीही निघाल्यात, पण शेवटी बहुतेक माणसं सरळ वागतात म्हणूनच हे चालतं. ओळखपाळखही नसलेली साठ माणसं एकमेकांच्या शब्दावर दिवस काढतात. मला हे थोडं वाटत नाही.

कयाकच्या स्पर्धेचा निकाल अर्धाअधिक आदल्या रात्रीच लागलेला असतो. मोटारबोटवाल्याला एक जागा फसली तर तो वीस किलोमीटरवर दुसरी गाठतो. पायाने चालवायची कयाक ताशी पाच-सहा किलोमीटर जाते. त्यामुळे जी खाडी निवडाल, तिथेच दिवस. नकाशा पसरून मी बघते ती दिशा. मार्चमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, गार वारा उत्तरेकडून येतो. म्हणून खाडीचा जो कोपरा उत्तर-पश्चिमेच्या डोंगराच्या कुशीत आहे, त्याला ऊनही मिळतं आणि आडोसाही. तिथलं पाणी मुख्य प्रवाहापेक्षा दोन-तीन अंशांनी पुढे असतं. मग बघायचं की खोल पाण्यातून त्या कोपऱ्याकडे जाणारा जुना ओढा कुठून वळतो. मादी त्या वळणांवर थांबत थांबत जाते. आज ती कुठल्या वळणावर असेल, हा एकच प्रश्न असतो. मी टाउन क्रीकची बाजू घेतली. पलीकडे राज्य उद्यानाचा डोंगर आहे, हिवाळ्यात तिथे पांढऱ्या डोक्याचे गरुड उतरतात आणि मार्चपर्यंत काही जोड्या घरट्यावर असतात.

गारठ्याबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण या खेळात माणसं मरतात ती लाटेने नव्हे. बाहेर हवा अठरा अंश, ऊन पडलेलं, आणि पाणी अकरा. त्यात पडलं की पहिल्या मिनिटात छाती आखडते, श्वास आवरत नाही, पाणी नाकातोंडात जातं. मग सुमारे दहा मिनिटं हात चालतात. नंतर बोटं मिटत नाहीत, पोहता येत असूनही होडीवर चढता येत नाही. शुद्ध हरपायला तास लागतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी स्वतः गार पाण्यात उतरून हा हिशेब मांडला आणि तो एक-दहा-एक म्हणून ओळखला जातो. आमच्या क्लबात मनगटाला आणि गळ्याला घट्ट बसणारा कोरडा पोशाख आणि त्यावर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मार्चमध्ये पाण्यात उतरू देत नाहीत. जॅकेट मागे टांगून ठेवलेलं दिसलं तरी बाद. यावर कधी वाद होत नाही.

दिवस वाऱ्याचा निघाला. दक्षिणेचा वारा, ढग खाली आलेले, संध्याकाळी वादळाची वर्दी. हवेचा दाब उतरू लागला की बास खातो, आणि वादळ जाऊन आभाळ निळंशार झालं की दोन दिवस तोंड उघडत नाही. ते नेमकं का, यावर शास्त्रज्ञांपेक्षा गरवणारेच जास्त ठाम आहेत. फटफटलं तसं पाणी अकरा अंशांवर होतं. मी लांबट आमिष घेतलं, मरत्या शॅडसारखं. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. ते बुडत नाही, वर येत नाही, पाण्यात जिथल्या तिथे लटकतं. किती थांबायचं हे मासा सांगतो. गार पाण्यात दहा आकड्यांपर्यंत मोजावं लागतं, आणि ते मोजणं फार कठीण आहे, कारण हात शिवशिवत असतात. पहिले दोन मासे तसे आले, दोन्ही चौदा-पंधरा इंचांचे, सडसडीत. नर असावेत.

दुपारी पाणी साडेबारावर गेलं आणि खेळ पालटला. वाऱ्याने कोपऱ्यातल्या गवताच्या खुंटांवर लाटा आपटत होत्या, पाणी गढूळलं होतं. मी तांबड्या रंगाचं चपटं आमिष बांधलं. पोटात छर्रे असतात, ओढलं की खुळखुळतं, क्रॉफिशच्या रंगाचं. ते मुद्दाम गवतात अडकू द्यायचं आणि हिसका मारून सोडवायचं. बास झेपावतो तो त्या सुटण्याच्या क्षणी. का, ते बघितल्यावर कळतं: गवतातून दचकून उडालेला जीव असाच निघतो. तिसऱ्या की चौथ्या हिसक्याला काठी वाकली ती वाकलीच राहिली. कयाक मासा ओढतो तिकडे वळते; मोटारबोटीत न कळणारी माशाची ताकद इथे बुडाखाली जाणवते. मादी वर आली तेव्हा पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, शेपटीची खालची कड अजून शाबूत. घरटं करणाऱ्यांची ती कड झिजून लाल होते. पन्हळीवर पावणेएकवीस इंच. हात ओले ठेवले होते, फोटो एका दमात झाला, आणि तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं. कल्ले दोन-तीनदा हलले आणि ती त्याच गवतात शिरली.

माझी बेरीज ब्याऐंशी इंचांच्या जरा वर गेली. जिंकणाऱ्याची पंचाण्णव होती. तो शाळेची बस चालवतो आणि दिवसभर एका पुलाच्या दगडी भरावापासून हलला नव्हता.

रोह्याला मामाशी फोनवर बोलणं होतं तेव्हा मी त्याला हे सगळं सांगते. त्याने कुंडलिकेच्या काठी आयुष्य काढलंय. पहिल्या पावसात शेतांत वलगणीचे मासे चढतात, तेव्हा रात्री कंदील घेऊन जाणाऱ्यांतला तो. गाबोळीने भरलेली मादी धरून परत सोडली हे ऐकून तो म्हणाला, “सोडायचीच होती, तर धरलीस कशाला गं?”

प्रश्न टोचावा असाच आहे. भूक लागली म्हणून मासा धरणं याला समर्थन लागत नाही. हौसेसाठी त्याच्या जबड्यात गळ रुतवण्याला लागतं. मामाला मी जे सांगितलं ते इथेही सांगते. या पाण्याची राखण आज जी काही होते ती गरवणाऱ्यांमुळे होते. परवान्यांच्या आणि सामानावरच्या कराच्या पैशातून इथली मत्स्य खाती चालतात, आणि सांडपाणी कुठे मिसळतंय, गवतावर कुठलं औषध फवारलंय, हे पहिल्यांदा ओरडून सांगणारे हेच लोक. पण त्याने भागत नाही. मामाच्या प्रश्नाचा खरा रोख वेळेवर आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिकी नौकांना बंदी असते, आणि कायदा येण्याआधीपासून कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवत आले. ऑन्टारिओच्या बऱ्याच भागांत विणीच्या काळात, जूनच्या उत्तरार्धापर्यंत, बास धरायला मनाई असते. अलाबामात बासला बंद हंगामच नाही.

विणीच्या आधी, वाटेवर असलेली मादी धरून दीड मिनिटात तिथेच सोडली तर तिचं फारसं बिघडत नाही, असं मला वाटतं, आणि कयाकच्या स्पर्धेची बाजू मी याच आधारावर घेते. एप्रिलमध्ये गोष्ट वेगळी होते. अंडी घालून मादी निघून जाते, राखणीला नर उरतो. तो खात नाही, घरटं सोडून जात नाही, शेपटीने अंड्यांवर पाणी फिरवत राहतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावतो. त्याला फसवणं अगदी सोपं, कारण तो भुकेने नाही, रागाने आमिष धरतो. आणि तो फोटोपुरता वर आला, तेवढ्या वेळात ब्लूगिल मासे टपलेले असतात, ते घरट्यावर तुटून पडतात. संशोधकांनी हे पाण्याखाली डोळ्यांनी पाहून नोंदवलं आहे. इथे पन्हळ आणि फोटो कामाला येत नाहीत. मासा जिथे धरला तिथेच सोडला तरी त्याची पिल्लं गेलेली असतात.

बक्षीस वाटून झाल्यावर धक्क्यावरच क्लबाची बैठक झाली. निवृत्त झालेल्या जीवशास्त्राच्या एका शिक्षकांनी क्लबाची एप्रिलमधली स्पर्धा पुढे ढकलायचा ठराव मांडला. विरोध जोरात झाला. एप्रिलमध्ये नवीन माणसं येतात, मासे काठावर दिसतात, मुलांना पटकन यश मिळतं. आम्ही थांबलो तरी मोटारबोटी थांबणार नाहीत. हे सगळं खरं आहे. शिक्षक म्हणाले, दुसऱ्याने काय करायचं यावर आपलं मत कोणी विचारलेलं नाही. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला, नर्सनेही केला, बसवाल्याने नाही केला. ठराव थोड्या मतांनी पास झाला आणि स्पर्धा जूनमध्ये गेली. जूनमध्ये पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर असतं आणि तेवढ्या गरम पाण्यात झुंजलेला मासा लवकर दमतो, म्हणून वेळही बदलली: फटफटल्यापासून सकाळी दहापर्यंत, आणि फोटोसाठी मासा पाण्याबाहेर एका मिनिटाहून जास्त नाही.